दगड भरून पाहिलेली गाडी

ऋत्विक घटक यांच्या ‘अजांत्रिक’मध्ये गाडी विकण्याचा प्रसंग अगदी शेवटी येतो आणि फार वेळ घेत नाही. भंगारवाला येतो, व्यवहार होतो, गाडीचे तुकडे लादून नेले जातात. जिला चित्रपटभर नाव होतं, तिला आता फक्त वजन उरतं. जुनी गाडी, जुना बैल, जुनं अवजार विकल्यानंतरची हळहळ आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळते. ती सांगताना आपण बहुतेक वेळा विक्रीच्या दिवसापाशीच घुटमळतो. कोण आलं, किती दिले, फाटकाबाहेर पडताना गाडी कशी दिसत होती. घटक त्या दिवसाला एवढं महत्त्व देत नाहीत. त्यांचा सगळा जीव त्याआधीच्या दिवसांत गुंतलेला आहे. विकायच्या आधी माणसाच्या मनात काय काय होऊन जातं, ते इतक्या जवळून दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

‘अजांत्रिक’ 1958 चा. मूळ कथा सुबोध घोष यांची. हजारीबागला बसवर कंडक्टर म्हणून काम केलेला हा लेखक. मोटारीला जवळून ओळखणारा. घटकांनी ‘नागरिक’ 1952 मध्येच पुरा केला होता, पण तो पडद्यावर आला थेट 1977 मध्ये, ते गेल्यानंतर. त्यामुळे प्रेक्षकांपुरता ‘अजांत्रिक’ हाच त्यांचा पहिला चित्रपट. त्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’च्या लेखनातही त्यांचा हात होता, आणि पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवलं. मणी कौल आणि कुमार शहानी हे त्यांचे तिथले विद्यार्थी.

गोष्ट छोटा नागपूरच्या पठारावरची. बिमल हा टॅक्सीवाला. त्याची गाडी 1920 च्या सुमाराची शेवरोले, टप फाटलेलं, सगळी खिळखिळी. तिचं नाव जगद्दल. छोटा नागपूर आणि आपलं नागपूर यांचं नातं केवळ नावापुरतं, असं कुणाला वाटेल. पण दोन्हींना एका कंपनीच्या रुळांनी बांधलं होतं. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने आपली नागपूर-छत्तीसगड लाइन घेतली, आणि पुरुलियाहून रांचीला जाणारी अडीच फुटी छोटी गाडीही याच कंपनीची. इथून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चित्रपटातली स्टेशनं, चढ, वळणं आणि रिकामे फलाट परके वाटत नाहीत. छिंदवाड्याची छोटी लाइन 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये.

सुरुवात विनोदी अंगाने होते. लग्नाला निघालेला नवरदेव आणि त्याचा मामा यांना गाडी हवी असते आणि गाठ पडते ती बिमलशी. पुढचा प्रवास म्हणजे दोघांच्या जिवाला घोर. प्रेक्षक हसतो. घटकांना तो हसायला हवाच आहे, कारण जगद्दलला हसणाऱ्या जगात आधी आपल्याला उभं करायचं आणि मग हळूहळू बिमलच्या बाजूला आणायचं, अशी त्यांची चाल आहे. स्टँडवरचे इतर ड्रायव्हर बिमलची टर उडवतात. त्यांच्या गाड्या नव्या, चकचकीत. अर्ध्या तासापूर्वी आपणही त्यांच्यातच होतो, हे नंतर जाणवतं.

ही बाजू बदलते कुठे? माझ्या मते पाण्याच्या प्रसंगात. गाडी तापते. बिमल थांबतो आणि तिच्यात पाणी ओततो. त्या वेळी जो आवाज येतो तो रेडिएटरमध्ये पाणी पडण्याचा नाही, तहानलेल्या जिवाने घटाघटा पिण्याचा आहे. घटकांनी तो मुद्दाम मोठा केला आहे. एरवी गाडीच्या अंगचे सगळे आवाज असेच कधी कण्हल्यासारखे, कधी रागावल्यासारखे येतात, आणि त्यांच्या अधेमधे अली अकबर खान यांचं संगीत. गाडीचे सैल दिवे खड्ड्यात गेल्यावर डुलतात, तर ते वळून बघितल्यासारखे वाटतात. यातली खुबी अशी की, हे सगळं कुठल्याही जुन्या गाडीत घडू शकतं. मेकॅनिकला विचारलं तर तो प्रत्येक आवाजाचं कारण सांगेल. बिमलला विचारलं तर तोही सांगेल. दिग्दर्शक दोघांपैकी कुणालाही खोटं पाडत नाही.

बिमल आपल्या गाडीची बाजू मांडतो तो भागही कान देऊन ऐकावा असा आहे. ती रोज दोन रुपये कमावून देते, फार काही मागत नाही, पंधरा वर्षं झाली, आई गेली त्याच वर्षी ती आली. कमाईचा हिशेब आणि आईचं जाणं एकाच दमात, एकाच सुरात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने आईची आठवण वेगळी काढली असती, तिच्यामागे सतार लावली असती. इथे ती हिशेबाच्या वहीतल्या ओळीसारखी येते. ज्यांच्या घरात एखादं यंत्र पोट भरतं त्यांच्याकडे हे असंच बोललं जातं. इतवारी-पाचपावलीकडच्या कोष्ट्यांच्या घरात हातमागाबद्दल बोलताना धोट्याची, फणीची तक्रार आणि वडिलांची आठवण वेगवेगळ्या वाक्यांत येत नाही. माग कुणी बसवला, त्यावर कुणाच्या लग्नापुरतं कापड विणलं गेलं, कुठली कांडी कधी बदलली, हे सगळं एकाच गोष्टीचे भाग असतात.

यंत्रयुगाशी आपलं मन कसं जुळतं किंवा जुळत नाही, या अंगाने या चित्रपटाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे आणि घटकांनी स्वतःही तो मुद्दा मांडला होता. मला तो मुद्दा मान्य आहे, पण नागपुरात बसून पाहताना तो थोडा लांबचा वाटतो. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून 2002 मध्ये ती बंद होईपर्यंत या शहरातल्या कित्येक पिढ्यांनी यंत्राच्या आवाजात आयुष्य काढलं. खंडेनवमीला आपण पान्हा, हातोडी, शिलाई मशीन, मोटरसायकल सगळ्यांना हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. लोखंडाशी नातं जोडणं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. चित्रपटातली उराव आदिवासींच्या नाचाची लांबलचक दृश्यं अनेकांना अनावश्यक वाटली आहेत. घटकांनी याआधी बिहारमधल्या आदिवासींवर माहितीपट केला होता, तेव्हा हे त्यांच्या जवळचं होतंच. पण चित्रपटातही त्या दृश्यांचं काम आहे. झाड, दगड, ढोल यांच्याशी बोलणारी माणसं बिमलच्या आसपास राहतात, आणि त्यांच्यात बिमल वेडा ठरत नाही. तो वेडा ठरतो तो फक्त टॅक्सी स्टँडवर.

वाहनाची ओळख हाताला कशी होते, हे आपल्या पिढीला चेतकने शिकवलं. वर्ध्याच्या बजाजांचं नाव लागलेली ही स्कूटर 1972 मध्ये आली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी ती सुरू होत नसे. मग स्टँडवरून काढून एका अंगावर कलवायची, थोडा वेळ तशीच धरायची, सरळ करायची, आणि किक. किती कलवायची, किती वेळ, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आमच्या घरच्या स्कूटरचा दुसरा गिअर एका ठरावीक कोनात मनगट वळवल्याशिवाय पडत नसे. वडिलांच्या मनगटाला तो कोन पाठ होता. पुढे स्कूटर विकली, घेणाऱ्या मुलाला वडिलांनी फाटकाशी उभं राहून चोक, रिझर्व्ह, स्टेपनी सगळं दाखवलं. गिअरचं सांगायचं राहून गेलं. तो कोपऱ्यावर गेल्यावर गिअरची खरखर ऐकू आली आणि वडिलांचं मनगट जागच्या जागी वळलं. विकल्यानंतर वस्तू जाते, पण तिच्यासाठी हाताने शिकलेलं ज्ञान घरातच राहतं, आणि त्याला आता काही काम नसतं. बिमलच्या बाबतीतही हेच होणार आहे, हे चित्रपट पाहताना सारखं जाणवत राहतं.

मधला भाग, म्हणजे पळून आलेल्या तरुणीचा, मला सगळ्यांत कमी आवडतो, आणि तरीही तो गाळता येत नाही. ती एका पुरुषाबरोबर बिमलच्या गाडीतून जाते, पुढे तो दागिने घेऊन तिला सोडून देतो, आणि बिमल तिला स्टेशनवर नेऊन तिकीट काढून देतो. गाडी सुटते. काजल गुप्तांनी ती भूमिका नेमकी केली आहे, पण लेखनातच तिला फार थोडं मिळालं आहे; ती माणूस कमी आणि निमित्त जास्त आहे. निमित्त कशाचं? परतताना जगद्दल बंद पडते. समीक्षक याला तिचा मत्सर म्हणतात, आणि चित्रपटाला तसं सुचवायचं असेलही. मला तिथे महत्त्वाची वाटते ती बिमलची लाथ. तो चिडून गाडीला लाथ मारतो. आजवर गाडी बंद पडली की त्याने रस्त्याला, उन्हाला, गिऱ्हाइकाला दोष दिला होता. इथे पहिल्यांदा तो गाडीला दोष देतो. लगेच त्याला पस्तावा होतो, पण तोंडातून गेलेला शब्द जसा परत येत नाही तसा हा दोषही परत घेता येत नाही. दोघांमध्ये काहीतरी तिथे उसवतं.

आणि बुलाकी. केश्टो मुखर्जींना आपण पुढे हिंदीत दारुड्याच्या भूमिकांमध्ये इतकं पाहिलं की इथला त्यांचा वेडा पाहून धक्का बसतो. बुलाकीकडे एक पोचे पडलेलं जुनं भांडं आहे. तो त्याला जिवापाड जपतो. मग त्याला नवं भांडं मिळतं, आणि तो आनंदाने नाचतो. जुन्याची त्याला आठवणही राहत नाही. घटकांनी बिमलच्या शेजारी हे पात्र ठेवलं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं यावर वाद होऊ शकतो. बुलाकीला सुटका मिळाली, बिमलला मिळाली नाही, असा एक अर्थ निघतो. मला तो पुरेसा वाटत नाही. बुलाकीचं भांडं कधी त्याच्या कसोटीला लागलं नाही. त्याने भांड्यावर प्रेम केलं, त्याची परीक्षा घेतली नाही. त्यामुळे त्याला विसरणं सोपं गेलं.

आपल्याकडच्या मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ची (2008) इथे आठवण येते. चितंग्या बैल जायबंदी होतो, आता औताला चालणार नाही, कर्ज डोक्यावर आहे, म्हणून बाप त्याला विकायला निघतो आणि सात वर्षांचा टिंग्या आडवा येतो. शेजारच्या रशिदाच्या आजारी नानीची सगळे काळजी घेतात, तर चितंग्याची का नाही, हा त्याचा प्रश्न. शरद गोयेकरने ती भूमिका अशी केली की त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘टिंग्या’त विकणारा वेगळा आणि अडवणारा वेगळा, म्हणून भांडण उघड होतं, बाहेर होतं. ‘अजांत्रिक’मध्ये बापही बिमलच आणि टिंग्याही बिमलच. भांडायला समोर कुणी नाही. गौर मिस्त्री आहे, पण तो मित्र आहे आणि व्यवहाराचंच सांगतो.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात. जू घासून जिथे घट्टा पडलेला असतो तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने हळद आणि तूप लावायचं. हे करताना शेतकऱ्याची बोटं त्या घट्ट्यावरून फिरतात आणि बैल यंदा किती थकला ते त्याला कळतं. काही घरांत त्याच रात्री मनाशी ठरतं की हा पुढच्या बाजाराला जाईल. मला यातली अवघड गोष्ट ही वाटते की मायेने फिरणारी बोटं आणि किंमत जोखणारी बोटं तीच असतात. दुसऱ्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लागतो, पाठीवर झूल येते, त्याला पुरणपोळी खाऊ घालतात. त्यानंतरच्या पाडव्याला नागपुरात तान्हा पोळा भरतो, मुलं चाकांवरचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात, बोजारा गोळा करतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. घरातला लाकडी बैल सहसा कुणी विकत नाही. थोरल्याकडून धाकट्याकडे, काकाकडून पुतण्याकडे जातो, रंग उडाला की पुन्हा रंगवला जातो.

‘अजांत्रिक’च्या शेवटी गाडी गेल्यावर एक लहान मूल तिच्या हॉर्नशी खेळतं, आणि तो ओळखीचा आवाज ऐकून बिमलच्या डोळ्यांत पाणी असताना चेहऱ्यावर हसू येतं. बिमल साकारणाऱ्या काली बॅनर्जींचा तो चेहरा अनेकांनी अनेकदा वाखाणला आहे. मीही वाखाणतो. पण मूल हॉर्न वाजवतं म्हणून बिमलचं दुःख मिटलं, असा दिलाशाचा अर्थ त्यातून काढावा असं मला वाटत नाही. हॉर्न हा जगद्दलचा सगळ्यांत सोपा भाग होता. तो कुणालाही वाजवता येतो. बाकीची गाडी फक्त बिमललाच चालवता येत होती. आपल्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात 2002 पासून छोट्या लाइनीची इंजिनं रंगरंगोटी करून उभी आहेत, मुलं त्यांच्यावर चढतात, फोटो काढतात. त्या इंजिनांच्या आयुष्यातलं हेही सोपंच काम आहे. ती भंगारात गेली नाहीत याचा मला मनापासून आनंद आहे. पण चढावर वाफ किती धरायची हे ज्याच्या हाताला माहीत होतं, त्या हाताला संग्रहालयात जागा नाही.

आणि म्हणून मला त्या हॉर्नपेक्षा दगडांचा प्रसंग मोठा वाटतो.

विक्रीच्या आधी बिमल एक शेवटचा प्रयत्न करतो. साठवलेले पैसे काढतो, नवे भाग आणतो, रात्रंदिवस खपून जगद्दलला उभी करतो. गाडी चालते. इथे चित्रपट संपला असता तर सगळे सुखी झाले असते. पण बिमलला आता चालणं पुरत नाही. त्याला खात्री हवी आहे. तो गाडीत मोठमोठे दगड भरतो आणि तिला त्या ओझ्यासकट चालवून पाहतो. ती ते ओझं पेलू शकत नाही. त्यानंतर उरतो तो भंगारवाला.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला कथानकाची गरज वाटला होता. गाडी कुठेतरी मोडायला हवी, म्हणून मोडली. नंतर लक्षात आलं की घटकांना ती कुठल्याही अपघातात, कुठल्याही घाटात मोडता आली असती, आणि प्रेक्षकाला बिमलची कीव आली असती. त्यांनी ते टाळलं. बिमलच्याच हाताने दगड उचलायला लावले. पंधरा वर्षं ज्याने इतर सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की ही चांगली आहे, त्याने स्वतःलाच ते सिद्ध करून दाखवायला सांगितलं. लाथ मारताना जे उसवलं होतं ते इथे पूर्ण फाटतं.

आपल्या घरांतल्या विक्रीच्या गोष्टी या नजरेने आठवून पाहिल्या तर त्यांत दगड सापडतात. स्कूटर विकायच्या आधी वडिलांनी मला मागे बसवून सेमिनरी हिल्सचा चढ चढवून पाहिला होता. रोजच्या कामाला त्या चढाची काही गरज नव्हती. ऑफिस, बाजार, दवाखाना सगळं सपाटीवर होतं. स्कूटर अर्ध्यावर धापा टाकू लागली, आणि त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा ‘आता काही खरं नाही’ असं म्हटलं गेलं. शेतकरी म्हाताऱ्या बैलाला शेवटच्या वर्षी जड औताला जुंपून पाहतो. शिंप्याच्या घरी जुन्या मशीनवर जाड ताडपत्री शिवून पाहतात. उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपल्याला फक्त ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. म्हणजे मग विकण्याचा निर्णय आपला राहत नाही, तिचा होतो. वर्षांनंतर जी हळहळ पोखरते तिच्यात पैसे कमी आले याची खंत फार थोडी असते, विकल्याची त्याहून थोडी जास्त असते, आणि सगळ्यांत खोल असते ती त्या चढाची.

बिमल याबद्दल पडद्यावर काहीच बोलत नाही. घटकांनी त्याला त्यासाठी एकही संवाद दिलेला नाही, गौरलाही नाही, आणि ते फार बरं केलं. गौरचं म्हणणं शेवटपर्यंत बरोबरच असतं. गाडी जुनी होती, ती एक दिवस थांबणारच होती. बिमलने तिला तशीच हलक्या भाड्यांवर चालवत ठेवलं असतं तर ती एखाद्या सकाळी स्टँडवर आपली आपण थंड पडली असती. तेव्हाही भंगारवाल्याला बोलवावं लागलंच असतं, भावही कदाचित तेवढाच आला असता. फक्त दगड कुणी भरले, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसता, आणि त्याने स्वतःलाही विचारला नसता.